चूक पाठवणाऱ्याची, पण पैसे कोणाचे?

‘खाते क्रमांक तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?’ चुकीच्या खात्यात पैसे गेल्याची तक्रार घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला हे उत्तर हमखास मिळतं. कोकणातल्या लांज्यासारख्या तालुक्याच्या गावी ते ऐकून माणूस मुकाट्याने शाखेच्या पायऱ्या उतरतो. चाकरमान्याने गणपतीच्या खर्चासाठी घरी धाडलेले पैसे असोत किंवा व्यापाऱ्याने काजू बीचे बागायतदाराला पाठवलेले असोत, एक आकडा इकडचा तिकडे झाला की ‘गेले ते गेले’ असं धरून चालायचं, ही आता जणू रीतच झाली आहे. ही रीत चार युक्तिवादांवर उभी आहे. ते एकेक तपासून पाहू.

पहिला युक्तिवाद असा, की चूक ग्राहकाची, म्हणून नुकसानही ग्राहकाचंच. याला आधार म्हणून रिझर्व्ह बँकेचं १४ ऑक्टोबर २०१० चं परिपत्रक दाखवलं जातं. त्यात अचूक खाते क्रमांक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली आहे, हे खरं. पण ती का टाकली, तेही तिथेच लिहिलं आहे. रक्कम जमा करण्यापूर्वी नाव आणि क्रमांक जुळवून पाहावा, अशी बँकांकडून तोवर अपेक्षा होती. आपल्याकडे एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. त्यामुळे नावं जुळेनात, दर वेळी माणूस मध्ये घालावा लागे आणि कामाचा वेग खुंटे. म्हणून केवळ क्रमांकावर पैसे जमा करायची मोकळीक दिली गेली. म्हणजे वेगासाठी एक पहारा उठवला, आणि तो उठल्यावर होणाऱ्या नुकसानाचं खापर ग्राहकाच्या डोक्यावर फोडलं.

कोकणाने पैसे पाठवण्याची दुसरी पद्धतही पाहिली आहे. भारतात १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांतला पैसा पोस्टमनच्या पिशवीतून इथल्या वाडीवाडीत पोचू लागला. ती रक्कम नावाच्या माणसाच्या हातातच पडे. माणूस सापडला नाही, तर पाठवणाऱ्याकडे परत जाई. वेळ लागे, पण चुकीचा भार सगळा गरिबावर पडत नसे. नावाची ही गरज पुढे रिझर्व्ह बँकेलाही पटली. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तिने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करायला बँकांना सांगितलं, तीही विनाशुल्क. यूपीआयमध्येही ३० जून २०२५ पासून बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवणं बंधनकारक झालं. जो पहारा पंधरा वर्षांनी पुन्हा बसवावा लागला, तो नसताना झालेली चूक निव्वळ ग्राहकाची कशी?

दुसरा युक्तिवाद कायद्याचा आव आणतो. पैसे एकदा खात्यात पडले की ते त्या खातेदाराचे; त्याच्या संमतीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, असं सांगितलं जातं. यातली ‘संमती’ ही बँकेच्या कामाची पद्धत आहे, मालकीचा कायदा नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७२ स्वच्छ सांगतं: चुकीने ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत. बनारसच्या विक्रीकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच या कलमातल्या चुकीचा अर्थ व्यापक ठरवला. सरकारने चुकीने वसूल केलेला करसुद्धा त्यात बसतो, तर चुकलेल्या आकड्याची काय कथा? दुसऱ्याची रक्कम अप्रामाणिकपणे गिळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हाही ठरू शकतो. तेव्हा ‘समोरचा नाही म्हणतो’ इथे मालकीचा प्रश्न संपत नाही.

आणि हात लावताच येत नाही, हे तरी कुठे खरं आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये यूको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांत आयएमपीएस या तत्काळ पैसे पाठवण्याच्या प्रणालीतल्या गोंधळाने ८२० कोटी रुपये भलतेच जमा झाले. बँकेने खाती रोखली आणि काही दिवसांतच ६४९ कोटी, म्हणजे ७९ टक्के रक्कम परत मिळवल्याचं जाहीर केलं. पुढे सीबीआयचा गुन्हाही नोंदला गेला. कोणी म्हणेल, ती बँकेची स्वतःची रक्कम होती आणि स्वतःची चुकीची नोंद सुधारायचा तिला अधिकारच आहे. मान्य. पण मुद्दा क्षमतेचा आहे. खातं रोखण्याची कळ बँकेच्या हाताखाली आहे. स्वतःचे कोट्यवधी अडकले की ती दाबली जाते आणि लांज्याच्या एखाद्या बाईचे आठ हजार अडकले की ‘तुम्ही अर्ज देऊन ठेवा’ असं सांगितलं जातं. अडथळा तंत्राचा नाही, इच्छेचा आणि नियमाचा आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे. तक्रार आली की पैसे फिरवायचे ठरवलं, तर लबाडांचं फावेल. बागायतदाराने हापूसच्या पेट्या रवाना केल्या, पैसे आले आणि आठवड्याने खरेदीदार म्हणाला, ‘चुकून पाठवले’, तर? ही भीती रास्त आहे. रक्कम घेणारा निर्दोष असू शकतो, हेही खरं. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात सुमारे १५ लाख रुपये आले. ते पंतप्रधानांनीच पाठवले, असं समजून त्याने त्यांना आभाराचं पत्र धाडलं आणि त्यातल्या सुमारे ९ लाखांतून घर बांधलं. पैसे ग्रामपंचायतीचे होते, हे बँकेने काही महिन्यांनी कळवलं. २०२२ च्या फेब्रुवारीत ही बातमी गाजली तेव्हा लोक हसले. पण त्यात हसण्यासारखं असलंच, तर ते बँकेच्या दिरंगाईत होतं. चूक जितकी उशिरा निस्तरावी, तितकी ती निर्दोष माणसालाही गोत्यात आणते. म्हणून या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘काहीच करू नका’ असा नाही, ‘लवकर करा आणि दोघांचं ऐकून करा’ असा आहे. वादातली रक्कम तात्पुरती रोखणं वेगळं आणि ती काढून देणं वेगळं.

चौथा युक्तिवाद वरकरणी सभ्य आहे: कोर्ट आहे ना, जा. पण दावा लावायचा कोणावर? प्रतिवादीचा नाव-पत्ता लागतो आणि तो गोपनीय म्हणून बँक देत नाही. पाच-दहा हजारांसाठी वकील करून हे कोडं सोडवत बसणं कोणाला परवडेल? ब्रिटनने २०१८ पासून हा गुंता सोडवला आहे. रक्कम परत आली नाही, तर दावा लावण्यापुरती माहिती पाठवणाऱ्याला लेखी मागता येते. दक्षिण कोरिया आणखी पुढे गेला. तिथे बँकेमार्फत मागूनही पैसे मिळाले नाहीत, तर जुलै २०२१ पासून ठेव विमा महामंडळ पाठवणाऱ्याचा हक्क स्वतःकडे घेतं, समोरच्याचा शोध लावून वसुली करतं आणि खर्च वजा करून उरलेली रक्कम परत देतं. कोर्टाची पायरी माणसाऐवजी संस्था चढते.

मग आपल्याकडे काय हवं? मुदतीचं तत्त्व आपल्या व्यवस्थेला नवीन नाही. एनईएफटीची रक्कम खात्यात जमा होऊ शकली नाही, तर ती दोन तासांत परत करावी लागते. यूपीआयचा व्यवहार फसला आणि पैसे वेळेत परत आले नाहीत, तर २०१९ च्या नियमाप्रमाणे बँक दिवसाला १०० रुपये भरपाई देते. मुदत नाही ती फक्त भलत्याच पण जिवंत खात्यात गेलेल्या रकमेला. तीच ठरवून द्यावी. तक्रार येताच वादापुरती रक्कम रोखावी, सबंध खातं नव्हे. घेणाऱ्याला त्याच दिवशी कळवून व्यवहाराचा पुरावा द्यायला ठराविक दिवस द्यावेत. त्याने बिल, करार, काहीही दाखवलं, तर रोख उठवावी. काहीच दाखवलं नाही, तर रक्कम परत जावी. वाद उरलाच, तर पाठवणाऱ्याला दाव्यापुरता नाव-पत्ता लेखी मिळावा. आणि पैसे भाबडेपणाने खर्च झाले असतील, तर हप्ते बांधून द्यावेत. यात लबाडाला वाव नाही आणि निर्दोषाला धाक नाही.

तोवर ग्राहकाने हातपाय गाळू नयेत. यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकासह लेखी तक्रार त्याच दिवशी आपल्या बँकेत द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं; तिथे फी नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, हे ध्यानात असावं. १९३० हा मदतीचा फोन क्रमांक सायबर फसवणुकीसाठी आहे, स्वतःच्या चुकीसाठी नव्हे. आपल्याच खात्यात परके पैसे आले, तर फोनवरच्या अनोळखी माणसाला ते परस्पर पाठवू नयेत. बँकेला लेखी कळवून तिच्यामार्फतच फिरवावेत.

पाठवणाऱ्याने क्रमांक दोनदा तपासावा, हा उपदेश बरोबरच आहे. पण उपदेश म्हणजे व्यवस्था नव्हे. चुकीची जबाबदारी ग्राहकावर टाकण्याचा अधिकार बँका परिपत्रकाने घेतात. ती चूक निस्तरण्याची मुदतही त्यांच्यावर परिपत्रकानेच बांधली गेली पाहिजे.