काउंटरवरचा प्रश्न, टेबलावरचे उत्तर

दिवाळी सरली की आपल्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक येते. बोनस खात्यात पडलेला असतो. सप्टेंबरात आयफोन 17 आला आहे, वर्ष उलटले की सॅमसंगचा नवा 'एस' येणार आहे, हे त्याला पाठ असते. मधल्या मध्ये मेहुण्याने पिक्सेलच्या कॅमेऱ्याचे वेड लावलेले असते. तीन नावे घरूनच ठरवून तो येतो, काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "भाऊ, तुम्हीच सांगा, यातला कुठला घेऊ?"

हा अग्रलेख त्या 'भाऊ'साठी आहे. गिऱ्हाइकासाठी बोलणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. विकणाऱ्याने आणि उघडून दुरुस्त करणाऱ्याने काय उत्तर द्यावे, हे मात्र कुणी बोलत नाही.

आज आपण काय उत्तर देतो ते आपल्याला ठाऊक आहे. महिनाअखेर असेल तर ज्या मॉडेलचे टार्गेट अडले आहे, ते. प्रमोटर शेजारी उभा असेल तर तो ज्या कंपनीचा टी-शर्ट घालून आला आहे, ते. यात लाजण्यासारखे काही नाही, धंदा आहे. फ्लॅगशिपमध्ये दुकानदाराला किती सुटते आणि ऑनलाइनवाले कोणत्या भावात माल टाकतात, हे आपणच रोज सोसतो. 2024 च्या एप्रिल महिन्यात दक्षिणेतल्या संघटित विक्रेत्यांनी वनप्लसची विक्री थांबवण्याचा इशारा दिला, तोही तुटपुंजे मार्जिन आणि वॉरंटीचे रखडलेले दावे यांवरूनच. तरीही, ज्या गिऱ्हाइकाने लाखाच्या घरातली रक्कम टाकण्याआधी आपल्याला विचारले, त्याला स्कीममधून उत्तर द्यायचे की टेबलावरच्या अनुभवातून, हे आपल्या हातात आहे.

मी एकदा स्कीममधून दिले होते. गिऱ्हाईक शाळामास्तर, वर्षानुवर्षे ओळखीचे. फोन उत्तम होता, त्या वर्षीचा सर्वांत चांगला कॅमेरा त्यात होता, हे आजही म्हणेन. अडीच वर्षांनी तो त्यांच्या हातून पडला. कंपनीने ती मालिका पुढे भारतात आणलीच नव्हती, जवळचे सर्व्हिस सेंटर बंद झाले होते, आणि मूळ डिस्प्ले चार महिने मिळाला नाही. मास्तर भांडले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलं म्हणून घेतला होता." त्यानंतर सात-आठ महिने माझ्याकडून शिफारसच निघेना.

तर मग शिफारस कशावर करायची? किमतीवर तर हल्ली करता येतच नाही. आयफोन 13, 14, 15, 16, चारही भारतात 79,900 ला सुरू झाले. गॅलेक्सी एस24 ची सुरुवात 79,999, पिक्सेल 9 चीही 79,999. एस25 आला 80,999 ला. कंपन्या एकमेकींच्या डब्यावर डोळा ठेवूनच आकडा छापतात. स्पेसिफिकेशनवरही फार काही ठरत नाही. या वर्गातला कोणताही फोन व्हॉट्सॲप, यूपीआय आणि मुलांच्या गॅदरिंगचा व्हिडिओ यांना पुरून उरतो. मेगापिक्सेल मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल मोजू द्यावे.

खरी तुलना चौथ्या वर्षी सुरू होते, आणि ते वर्ष फक्त आपल्याला दिसते.

2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 साठी आणि 2024 च्या जानेवारीत सॅमसंगने एस24 साठी सात वर्षांच्या अपडेटचा वायदा केला. चांगली गोष्ट आहे. पण सात वर्षांचा वायदा सॉफ्टवेअरचा आहे, बॅटरीला तो कुणी विचारलेला नाही. ॲपलने आयफोन 15 पासून 1000 चार्ज सायकलनंतर 80 टक्के क्षमता सांगितली आहे, त्याआधीच्या मॉडेलांना 500. रोजची एक सायकल धरली तरी हजार सायकल तीन वर्षांच्या आतच होतात. म्हणजे सात वर्षे फोन वापरायचा तर दोनदा बॅटरी बदलणे आलेच. 2017 मध्ये जुनी बॅटरी असलेले आयफोन मुद्दाम मंद केले जात असल्याचे ॲपलने मान्य केले, तेव्हा बॅटरी बदलून घ्यायला लागलेल्या रांगा आठवतात ना? त्यातल्या कित्येकांनी नवा फोन घ्यायची तयारी केली होती. बॅटरी बदलली आणि जुनाच धावू लागला.

दुसरा खर्च डिस्प्लेचा, आणि इथे जरा थांबायला हवे. आपण ज्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतो, तो वरच्या मॉडेलमध्ये मूळ घ्यायचा तर एका बऱ्या मध्यम फोनची किंमत मोजावी लागते. मग इनसेल, हार्ड ओलेड, सॉफ्ट ओलेड अशा पायऱ्या उतरत जातात. गिऱ्हाइकाला या पायऱ्या फोन फुटल्यावर कळतात. फोन विकतानाच सांगितल्या तर निम्मी माणसे तिथेच टेम्पर्ड ग्लास आणि जाड कव्हर घेतात, आणि त्यात आपल्याला फोनपेक्षा जास्त सुटते. फोन न पडताही डिस्प्लेवर हिरवी रेषा उमटते, हा प्रकार आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. त्यावर सॅमसंगने 2024 मध्ये भारतात काही जुन्या एस मालिकांचे डिस्प्ले एकदा मोफत बदलून दिले, आणि वनप्लसने या दोषासाठी आजीवन हमी जाहीर केली. अशा सवलतींचे कागद काउंटरखाली ठेवा. वॉरंटी संपली म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवण्याआधी त्याचे मॉडेल त्यात बसते का, ते बघा.

तिसरी गोष्ट सुट्या भागांच्या नोंदणीची. आयफोनमध्ये बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा एकेक करून बोर्डाशी बांधले गेले, आणि बाहेरचा भाग बसवला की सेटिंगमध्ये सूचना येऊ लागली. आयओएस 18 मध्ये ॲपलने 'रिपेअर असिस्टंट' दिला, त्यामुळे दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल भाग आता जुळवून घेता येतो. पण ज्या फोनवर ॲक्टिव्हेशन लॉक आहे, त्यातला भाग जुळत नाही. जुन्या फोनांतले सुटे भाग बाजारातून उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चोरीचा माल आपल्या टेबलावर येऊ नये म्हणून आयएमईआय 14422 वर 'केवायएम' करून तपासण्याची सवय हवी, ते वेगळेच.

उघडायला सोपा फोन कोणता, हे तर जाहिरातीत येणेच शक्य नाही. आयफोन 14 ची पाठीची काच वेगळी निघू लागली, पण त्याच वर्षीच्या महागड्या 14 प्रोची नाही. आयफोन 16 मध्ये बॅटरीचा गोंद 9 व्होल्ट लावले की सुटतो. सॅमसंगने एस25 मध्ये बॅटरी ओढून काढण्याची पट्टी दिली. महाग फोन म्हणजे दुरुस्तीला वाईट, हे समीकरण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. युरोपात 20 जून 2025 पासून स्मार्टफोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते, बॅटरीने 800 सायकलनंतर 80 टक्के क्षमता राखावी लागते आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने 2025 मध्येच दुरुस्ती निर्देशांकाबाबत अहवाल दिला. तो डब्यावर उतरेपर्यंत आपल्या दुकानातला कारागीर हाच निर्देशांक.

परदेशी व्हिडिओ पाहून आलेल्या गिऱ्हाइकाला दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. एक, नाव तेच असले तरी पोट वेगळे असू शकते. अमेरिकेतल्या माणसाने कौतुक केलेल्या एस24 मध्ये स्नॅपड्रॅगन होता, भारतात आलेल्या एस24 आणि एस24 प्लसमध्ये एक्झिनॉस 2400. एस25 च्या तिन्ही मॉडेलांत मात्र स्नॅपड्रॅगन 8 एलिटच. दोन, न्यू जर्सीहून पुतण्या जो आयफोन आणणार आहे, तो 14 किंवा त्यानंतरचा असेल तर त्यात सिमचा ट्रेच नाही. बाबांना ई-सिम जमणार आहे का, हे विमान उडण्याआधी ठरवा.

पाण्याबद्दल एकच. आयपी68 ही चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याची आहे. गणपतीपुळ्याच्या लाटेत फोन बुडवून रील काढणारे गिऱ्हाईक मंगळवारी आपल्याकडे येते, आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही हे त्याला आपण सांगायचे असते.

आता आमचे मत. सर्वांना एकच फोन सांगणारा दुकानदार एक तर नवखा असतो किंवा टार्गेटखाली असतो. दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला आयफोन द्यावा, कारण जुन्या बाजारात त्याची किंमत टिकते. पाच-सहा वर्षे वापरणाऱ्या आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला सॅमसंग बरा, कारण सर्व्हिस सेंटर आणि सर्व्हिस पॅक डिस्प्ले त्याला एसटीच्या टप्प्यात मिळतो. पिक्सेल पुण्या-मुंबईच्या माणसाने खुशाल घ्यावा. चंदगडच्या किंवा किनवटच्या माणसाला तो विकताना मला अजून हात आखडता घ्यावासा वाटतो. ज्याला बॅटरीच हवी, त्याने वनप्लस 13 च्या 6000 एमएएचकडे बघावे. सॅमसंगचा अल्ट्रा 2020 पासून एस25 पर्यंत 5000 वरच उभा होता. फोल्डचे फोन ज्यांना हवे आहेत ते आपल्याला विचारत नाहीत. आणि ज्याचा आयफोन 13 किंवा एस22 अजून चालतो आहे, त्याला बॅटरी बदलून घरी पाठवा. हे शेवटचे वाक्य काही वाचकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

ही मते एका टेबलावरची आहेत. तुमच्या टेबलावर वेगळे दिसत असेल. म्हणून पुढच्या अंकापासून एक नोंदवही सुरू करतो आहोत. गेल्या वर्षभरात आलेल्या फ्लॅगशिप फोनांबद्दल चारच गोष्टी पोस्टकार्डावर किंवा व्हॉट्सॲपवर कळवा: मॉडेल, विकत घेऊन किती महिने झाले, काय गेले, आणि मूळ भाग किती दिवसांनी मिळाला. गिऱ्हाइकाचे नाव आणि आयएमईआय लिहू नका. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत आलेल्या नोंदी त्याच अंकात छापू.