आवरण्याचें सामर्थ्य

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब आंबोलीस गेलों होतों. दोन दिवस हिरण्यकेशीचा उगम, धबधबा आणि दारांतून आंत शिरणारे ढग पाहण्यांत गेले. दुसऱ्या रात्रीं आमच्या पुतण्यानें एका जुन्या मोटारीचें चित्र सर्वांना मोठ्या हौसेनें दाखविलें. गाडी इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची. नांव हिस्पानो-सुइझा, जे-१२. इंजिन पॅरिसजवळच्या कारखान्यांतलें, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांचा. बारा सिलिंडरांची ही जात १९३१ ते १९३८ या काळांत निघाली आणि तिच्या गाड्या भरल्या सुमारें १२०. पुतण्या तिच्या वेगाचीच स्तुति करीत होता.

दुसऱ्या दिवशीं सावंतवाडीकडे घाट उतरतांना गाडी तोच चालवीत होता. मागें मातोश्री आणि दोन मुलें. निम्म्या वाटेवर कांहीं तरी करपल्याचा वास येऊं लागला. पुतण्या हळूच म्हणाला, "काका, ब्रेक नीट लागत नाहीं." खालचा गियर घालून त्यानें गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला उभी केली. चाकें निवेपर्यंत अर्धा तास आम्ही दोघे पावसांत उभे होतों. मातोश्रींना आम्हीं कारण सांगितलें नाहीं, व त्यांनींहि विचारलें नाहीं.

त्या अर्ध्या तासांत आम्हांला रात्रींचें चित्र आठवलें. हिस्पानो-सुइझा कंपनी १९०४ मध्यें बार्सिलोना येथें निघाली. पुढें तिच्या उत्तमोत्तम गाड्या फ्रान्समध्यें होऊं लागल्या. तिचा मुख्य यंत्रज्ञ मार्क बिर्किग्ट हा जन्मानें स्विस. पहिल्या महायुद्धांत त्याच्या विमान-इंजिनांनीं मोठी कीर्ति मिळविली. १९१९ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यानें एच-६ ही गाडी मांडली, तेव्हां जाणत्यांची नजर इंजिनाइतकीच ब्रेककडे गेली. त्या काळीं बहुतेक गाड्यांना ब्रेक मागच्या दोनच चाकांना असत, आणि सारा जोर चालकाच्या पायाचा. बिर्किग्टनें ते चारहि चाकांना दिले. शिवाय पायाच्या मदतीस त्यानें खुद्द गाडीची गतीच जुंपली. गियरपेटीवरून फिरणारा एक भाग पाय पडतांच ब्रेकच्या दांड्यांना ओढी. चालकानें केवळ इशारा करावा, जोर धांवत्या गाडीनें पुरवावा. पुढें रोल्स-रॉइसनेंहि हीच युक्ति परवाना घेऊन स्वीकारली. दूरच्या प्रवासास वेगानें आणि सुखानें नेणारी ही गाडी. पण तिचें मोठेपण अशा रीतीनें थांबण्याच्या कलेंतहि होतें.

आजच्या साध्या गाडीलाहि यंत्राची मदत असते, म्हणून आपण निर्धास्त असतों. पण निसर्गाचा हिशेब चुकत नाहीं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच. ती उंची उतरतांना माणसांसह गाडीच्या वजनांत सांठलेली शक्ति कोठें तरी जिरलीच पाहिजे. पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर तिची उष्णता होते आणि चाकांपाशीं साठते. ब्रेक तापले कीं त्यांची पकड सुटते. म्हणून ज्या गियरनें घाट चढावा त्याच गियरनें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम. मग बराचसा भार इंजिन घेतें आणि ब्रेक प्रसंगाकरितां राखून राहतो.

हें सारें आम्हीं पुतण्यास तेथेंच सांगितलें. खरें तर निघण्यापूर्वींच सांगावयास हवें होतें. घरांतील वडील माणसें मुलांस पुढें जाण्याचें उत्तेजन देतात, आवरण्याचें शिक्षण मात्र प्रसंगावर सोंपवितात. त्यास दोष देण्याआधीं आम्हीं तो स्वतःकडे घेतला.

उरलेला घाट त्यानें खालच्या गियरमध्यें, शांतपणें उतरविला. सावंतवाडींत उतरतांना मातोश्रींनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "शेवटीं छान आणलीस हो. पुढच्या खेपेस मात्र वास येण्याआधींच थांब."