छत्तीस सेंट आणि एक नाव

२०२३ सालच्या मे महिन्यात टीना टर्नर स्वित्झर्लंडमध्ये वारली, तेव्हा ती ८३ वर्षांची होती. त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची गोष्ट पुन्हा सांगितली. गोष्ट ठरलेलीच. नवऱ्याचा मार खाणारी एक गायिका एका रात्री खिशात ३६ सेंट घेऊन पळाली आणि पुढे जगातली मोठी रॉक गायिका झाली. ऐकायला ही गोष्ट बरी वाटते. सभेत सांगितली तर टाळ्याही पडतात. पण बायकांबरोबर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती अशी दोन उड्यांत सांगू नये, असं मला वाटतं. कारण ती पळाली १९७६ साली, आणि ज्या रेकॉर्डने ती 'परत आली' असं म्हणतात ती 'प्रायव्हेट डान्सर' निघाली १९८४ साली. मधली आठ वर्षं कुठे गेली? आपलं काम तर त्या आठ वर्षांतच असतं.

इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्या मैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. तिचं मूळ नाव ॲना मे बुलक. जन्म १९३९चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला. नटबुश नावाच्या कापूस पिकवणाऱ्या खेड्यात ती वाढली. ती ११ वर्षांची असताना नवऱ्याच्या जाचाला कंटाळून तिची आई मुलींना मागे ठेवून निघून गेली. आजीने सांभाळलं. पुढे सेंट लुई शहरात आल्यावर ती आइक टर्नरच्या बँडमध्ये गाऊ लागली. आइक हा साधासुधा वादक नव्हता. १९५१ सालचं 'रॉकेट ८८' हे त्याच्या बँडचं गाणं अनेक जाणकार रॉक अँड रोलच्या पहिल्या काही रेकॉर्डमध्ये धरतात. त्याच्या गुणांबद्दल वाद नाही. आपला प्रश्न वेगळा आहे.

१९६० साली तिच्या आवाजातलं पहिलं गाजलेलं गाणं निघालं. त्यावर आइकने नाव घातलं 'टीना टर्नर'. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. तिने हे नाव आणि हा दौरा नको म्हटलं, तेव्हा त्याने बुटात घालायच्या लाकडी साच्याने तिला मारलं, असं तिने पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. नावाची मालकी त्याने स्वतःकडे ठेवली. हेतू सरळ होता. ही गेली तर दुसरी कुणी 'टीना टर्नर' म्हणून उभी करता यावी.

आपल्याला हे परकं वाटू नये. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव काढायची रीत आपल्याकडे आहे. आडनावच काय, आईने हाक मारलेलं नावही बदलतं. सगळे हसत असतात, पेढे वाटत असतात. पण त्या नावामागचा विचार तपासून पाहिला तर तो आइकच्या विचाराहून फार लांब नाही. ही जागा आमची आहे, त्या जागेवर तू आलीस, आणि जागेचं नाव आम्ही ठरवणार.

दुसरा समज मोडायला हवा तो मिळवत्या बाईचा. 'बाई कमवायला लागली की मार थांबतो' असं आपण बचत गटांच्या बैठकीत पुष्कळदा बोलतो. आर्थिक स्वावलंबन हवंच, पण कमाई करणं आणि कमाईवर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीना वर्षानुवर्षं गावोगावी गात-नाचत होती, तिच्यामुळे तिकिटं खपत होती. १९७१ साली 'प्राउड मेरी' गाजलं, त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तरी पैशांचा सगळा व्यवहार आइकच्या हाती होता. त्याची दोन आणि तिची दोन अशी चार मुलं ती वाढवत होती. १९६८ साली तिने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. प्रसिद्धी, कष्ट, कमाई सगळं असताना ही अवस्था. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' ज्यांनी वाचलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पडद्यावरचं नाव, बाहेरचं कौतुक, घरी कमाईवर दुसऱ्याचा हात. बाईचे श्रम घरातल्या पुरुषाच्या खात्यात जमा होतात, मग ती शेतात राबो की हजारो लोकांपुढे गावो.

१९७६च्या जुलैमध्ये डॅलस शहरात कार्यक्रमाला जाताना गाडीतच मारामारी झाली. हॉटेलात आइक झोपल्यावर ती बाहेर पडली, मोठा रस्ता धावत ओलांडला आणि समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोल भरायचं एक कार्ड. चेहरा सुजलेला, कपड्यांवर रक्त. तिथल्या व्यवस्थापकाने खोली दिली. या प्रसंगात सगळ्यांना तिची हिंमत दिसते. ती होतीच. पण मला तो दार उघडणारा माणूसही दिसतो. त्याने 'नवऱ्याला फोन लावतो' असं म्हटलं नाही. अमेरिकेतही मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरागृहं तेव्हा नुकती उभी राहत होती. मिनेसोटातलं 'विमेन्स ॲडव्होकेट्स'चं घर १९७४ साली सुरू झालं होतं. मारहाण ही घरातली बाब, असंच पोलीस मानत. अशा वेळी एक दार उघडलं की उघडलं नाही, यावर किती गोष्टी ठरतात हे केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आता ती आठ वर्षं. दौरा अर्धवट सोडल्यामुळे रद्द झालेल्या कार्यक्रमांची भरपाई आयोजकांनी तिच्याकडे मागितली. मार खाल्ला तिने आणि देणंही तिच्याच नावावर. काही काळ ती ओळखीच्यांकडे राहिली, त्यांची घरं झाडून-पुसून दिली. सरकारी अन्न-कुपनांवर चूल चालवली. दूरदर्शनवरच्या खेळांत भाग घेतला, हॉटेलांमधून जेवणाऱ्या लोकांसमोर गायली. १९७८ आणि १९७९ साली तिच्या एकटीच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, त्या खपल्या नाहीत. चाळिशीला आलेली काळी बाई, नवऱ्याच्या बँडमधून बाहेर पडलेली, आणि तिला गायचंय रॉक. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कोणत्याच खणात ती बसत नव्हती.

घटस्फोट १९७८ साली झाला. तिने मालमत्तेवरचा जवळजवळ सगळा दावा सोडला. दोन मोटारी आणि काही दागिने-कपडे मिळाले. हट्टाने मागून घेतलं ते एकच, 'टीना टर्नर' हे नाव. ज्या नावाला तिने एकेकाळी विरोध केला, तेच तिने आता मागितलं. यात विसंगती नाही. नाव त्याने दिलं होतं, पण त्याला किंमत आली ती तिच्या सोळा वर्षांच्या घामाने. ती आपल्या श्रमांचा मोबदला मागत होती, एवढाच या मागणीचा अर्थ.

तरीही इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. बाकीचं तिने का सोडावं? 'मला काही नको, मला फक्त मोकळं करा' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो. परस्पर संमतीच्या अर्जावर सही करताना बाई पोटगी सोडते, स्त्रीधन सोडते, घरावरचा हक्क सोडते. वकील म्हणतात, लवकर निकाल लागेल. माहेरचे म्हणतात, सुटली बिचारी. आणि आपण तिच्या स्वाभिमानाचं कौतुक करतो. तिचा निर्णय तिचा आहे, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण सुटकेची किंमत बाईनेच मोजायची, या रीतीचं कौतुक करू नये. टीनाला पुढे यश मिळालं म्हणून तिचा तो सौदा शोभून दिसतो. यश न मिळालेल्या असंख्य बायकांच्या वाट्याला उरतं ते भाड्याची खोली आणि मुलांची फी.

मग 'प्रायव्हेट डान्सर'. १९८३ साली एक जुनं गाणं तिने लंडनच्या तरुण संगीतकारांबरोबर नव्याने गायलं, ते ब्रिटनमध्ये चाललं. त्यावर कंपनीने घाईने पूर्ण रेकॉर्ड मागवली. ती काही आठवड्यांत लंडनला तयार झाली आणि १९८४च्या मे महिन्यात आली. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. त्यातलं 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' हे गाणं सप्टेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिला स्वतःला ते सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. रेकॉर्डच्या एक कोटीहून जास्त प्रती जगभर खपल्या. १९८८च्या जानेवारीत रिओमध्ये तिच्या एका कार्यक्रमाला पावणेदोन लाखांच्या वर लोक जमले होते.

आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, ही गाणी बहुतेक पुरुषांनीच लिहिलेली. शीर्षकगीत तर पैशांसाठी पुरुषांपुढे नाचणाऱ्या बाईचं. तोकडे कपडे, उंच टाचा, यात बाईच्या मुक्तीचं काय आहे? प्रश्न रास्त आहे. बाईच्या देहाचा बाजार हा आपल्या चळवळीचा जुना आणि खरा मुद्दा आहे. पण ते शीर्षकगीत नीट ऐकलं तर त्यातली बाई गिऱ्हाइकांवर भुललेली नाही. ती काम करते आहे आणि मन दूर ठेवते आहे. प्रेमाच्या नावाखाली जिच्याकडून सोळा वर्षं फुकट काम करून घेतलं, तिने हे गाणं गाणं यात मला लाचारी ऐकू येत नाही, हिशेब ऐकू येतो. आवाजही गुळगुळीत नाही, खरखरीत आहे, वय लपवत नाही. नाचणारी तीच, पाय तेच. फरक एवढाच की किती नाचायचं, कुठे नाचायचं आणि तिकिटाचे पैसे कुणी मोजायचे हे आता ती ठरवत होती. एवढाच फरक, पण तो थोडा नाही.

'कमबॅक' या शब्दावरही माझा आक्षेप आहे. परत यायला ती गेली कुठे होती? आठही वर्षं ती काम करत होती. बाई दिसेनाशी झाली की आपण समजतो ती संपली. खरं तर पाहणाऱ्यांनी तोंड फिरवलेलं असतं.

आइकचं काय झालं? १९९९ साली त्याने आत्मचरित्र लिहिलं. त्यात आपण तिच्यावर हात उचलला हे त्याने मान्य केलं, पण ती 'मारहाण' नव्हती असा त्याचा दावा होता. वाचून आपल्यापैकी कुणाला आश्चर्य वाटणार नाही. 'एखादी थोबाडीत दिली असेल, त्याला मारणं म्हणतात का?' हे वाक्य प्रत्येक तालुक्यातल्या केंद्राच्या वहीत सापडेल. मारणाऱ्याच्या शब्दकोशात मारण्याचा अर्थ नेहमीच लहान असतो. म्हणूनच २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा छळाच्या व्याख्या लिहून ठेवल्या, हे मोठं काम झालं. टीनाची कमाई अडकवून ठेवणं हाही त्या व्याख्येत छळच आहे.

आणखी एक गोष्ट २०२१ साली तिच्यावर निघालेल्या माहितीपटात दिसते. १९८१ साली तिने एका साप्ताहिकाला मुलाखत देऊन मारहाणीबद्दल सांगितलं. १९८६ साली आत्मचरित्र आलं, १९९३ साली त्यावर चित्रपट आला. खरं म्हणजे एकदा सांगून तिला हा विषय संपवायचा होता. पण पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक मुलाखतकार पुन्हा आइकबद्दलच विचारत राहिला. जिने त्याच्यापासून सुटका करून घेतली तिला त्याच्याच नावाने ओळखत राहणं ही दुसरी कैद झाली. आठ मार्चच्या कार्यक्रमाला एखाद्या बाईला 'तुझी कहाणी सांग' म्हणून मंचावर बोलावताना संघटनांनी याचा विचार करावा. ती शिवणाचं दुकान कसं चालवते, हेही तिला विचारावं.

टीनाच्या गोष्टीचा सर्वांत वाईट उपयोग म्हणजे 'बघ, ती करू शकली, तू का नाही?' असं म्हणणं. तिच्याकडे आवाज होता, ओळखी होत्या, परदेशात ऐकणारे होते. तरी आठ वर्षं लागली. हे माप साताऱ्याच्या किंवा लातूरच्या बाईला लावायचं नसतं. उलट विचारायचं असतं ते आपल्याला आणि सरकारला. रात्री अकराला दार कोण उघडतं? पहिल्या तीन महिन्यांचं रेशन कुठून येतं? तिच्या डोक्यावरचं नवऱ्याचं कर्ज कोण फेडतं? योगायोग असा की 'प्रायव्हेट डान्सर' निघाली त्याच १९८४ साली मुंबईत पोलिसांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेचा महिलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. त्या कक्षातलं काम मधल्या आठ वर्षांचंच आहे. त्यावर चित्रपट निघत नाहीत.

१९९१ साली रॉक संगीताच्या मानाच्या दालनात टीनाला जागा मिळाली, ती आइकबरोबर जोडीने. एकटीच्या नावाने जागा मिळायला २०२१ साल उजाडलं. मध्ये ३० वर्षं गेली. त्याच वर्षी तिने आपल्या संगीताचे आणि नावाचे व्यापारी हक्क स्वतः एका कंपनीला विकले. ते नाव विकावं की न विकावं यावर मतभेद होऊ शकतात. पण विकताना सही तिची होती.