मोठेपणाची हाव आणि मोठे मन

भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली, की आपल्या गावोगावी चेंडूचा आवाज ऐकू येऊ लागतो. चार काठ्या रोवून दोन गोल उभे राहतात, वाड्यावाड्यांचे संघ बांधले जातात, आणि फेस्ताच्या दिवसांत तर मिस्सा आटोपल्यावर सारा गाव मैदानाच्या कडेला लोटतो. गोमंतकात हा खेळ विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने १८८३ साली शिवोलीस आणला, असे मानले जाते. तेव्हा चर्च आणि फुटबॉल यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे.

याच दिवसांत काही आईबाप एक शंका घेऊन आमच्याकडे येतात. मुलगा म्हणतो, मी मोठा खेळाडू होणार. बापास वाटते, ही हाव बरी नव्हे. ख्रिस्ती माणसाने लीन असावे, आहे त्यात समाधान मानावे. दुसऱ्या घरी याच्या अगदी उलट चालते. मुलाच्या खेळातील आनंद गेला तरी चालेल, परंतु त्याचे नाव वर्तमानपत्रात आलेच पाहिजे, असा आईबापांचाच हट्ट असतो. आणि मग निवड चाचणीत मुलगा मागे राहिला, की घरात सुतक पडते. पंधरासोळा वर्षांचे कोवळे मन अशा वेळी एकदा खचले, तर पुढे कित्येक वर्षे सावरत नाही. म्हणून विषय खेळाचा असला, तरी तो क्षुल्लक नव्हे.

महत्त्वाकांक्षा पाप आहे काय? तेराव्या शतकातील आमचे थोर आचार्य संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. मानसन्मानाची अमर्याद लालसा हा दोष आहे, असे ते स्पष्ट सांगतात. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. देवाने शक्ती दिली असताना भिऊन मागे सरणे, थोर कार्यास हातच न घालणे, हाही दोषच होय, असे ते बजावतात; आणि मालकाने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या शुभवर्तमानातील दासाचा दाखला देतात. या दोहोंच्या मध्ये जो सद्गुण आहे, त्यास आपण मनाचा मोठेपणा म्हणू. मोठेपणाची हाव निराळी आणि मोठे मन निराळे. पहिली म्हणते, लोकांनी मला पाहावे. दुसरे म्हणते, देवाने मला जे दिले, ते वाया जाऊ नये.

हा भेद पुस्तकापेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात अधिक चांगला दिसतो. म्हणून आज आम्ही वाचकांस हाविएर झानेत्ती या आर्जेंटिनाच्या कथोलिक फुटबॉलपटूची हकिगत सांगणार आहोत.

झानेत्तीचा जन्म १० ऑगस्ट १९७३ रोजी ब्यूनस आयर्स शहरात झाला. बंदरालगतच्या दोक सूद नावाच्या कष्टकरी वस्तीत तो वाढला. वडील गवंडी. इंदिपेन्दिएन्ते या नामांकित क्लबाच्या कुमार संघात तो खेळत असे. पण शरीराने किरकोळ म्हणून त्याला तेथून वगळण्यात आले. तेव्हा हा मुलगा वडिलांच्या हाताखाली गवंडीकामावर जाऊ लागला, आणि भल्या पहाटे उठून घरोघर दूधही घालू लागला. ज्या वयात आपली मुले नापसंतीच्या दुःखाने अंथरूण धरतात, त्या वयात तो विटा वाहत होता. परंतु त्याने चेंडू सोडला नाही. पुढे ताल्येरेस या दुसऱ्या श्रेणीतील क्लबाने त्याला घेतले. तेथून तो बानफिल्ड क्लबात गेला, आणि १९९५ साली इटलीतील मिलान शहराच्या इंटर या क्लबात दाखल झाला. त्यानंतर १९ वर्षे त्याने दुसरा क्लब पाहिला नाही. इंटरसाठी तो ८५८ सामने खेळला; त्या क्लबाच्या इतिहासात याहून अधिक सामने कोणीही खेळलेले नाही.

हा प्रवास एका दमात झाला, असे मात्र कोणी समजू नये. १९९८ साली इंटरने युरोपातील एक मोठा चषक जिंकला, आणि अंतिम सामन्यात झानेत्तीने स्वतः एक गोल केला. त्यानंतर २००५ सालापर्यंत, म्हणजे तब्बल सात वर्षे, या श्रीमंत क्लबाच्या हाती एकही चषक लागला नाही. ५ मे २००२ रोजी तर इटलीचे अजिंक्यपद अगदी ओंजळीत आलेले असताना, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पराभव होऊन ते निसटले. मोठमोठे नामवंत आले आणि गेले. कर्णधार झानेत्ती राहिला. उजवीकडे खेळ म्हटले की उजवीकडे, डावीकडे म्हटले की डावीकडे, मध्ये म्हटले की मध्ये! जागेसाठी त्याने कधी अडवणूक केली नाही.

आता संघभावनेविषयी. २०१० साली युरोपच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेतील उपांत्य फेरीत इंटरची गाठ बार्सिलोनाशी पडली. मिलानमधील पहिला सामना इंटरने ३–१ असा जिंकला होता. २८ एप्रिल रोजी बार्सिलोनात दुसरा सामना झाला. त्यात पहिल्या अर्ध्या तासातच इंटरच्या एका खेळाडूस पंचांनी बाहेर काढले. उरलेल्या दहा जणांनी तासाहून अधिक काळ गड राखला. त्या दिवशी सॅम्युएल एटो या जगप्रसिद्ध गोलवीराने काय केले, ते आपल्या मुलांना अवश्य सांगावे. ज्याचे काम गोल करण्याचे, तो स्वतःच्या गोलापाशी येऊन बचाव करणाऱ्याचे काम करीत राहिला. इंटरने तो सामना ०–१ असा गमावला, पण एकूण ३–२ या फरकाने अंतिम फेरी गाठली. २२ मे रोजी माद्रिदमध्ये बायर्न म्युनिकवर २–० असा विजय मिळाला. दोन्ही गोल दिएगो मिलितोचे. चषक उंचावला तो झानेत्तीने, आणि इंटरसाठी हा त्याचा ७०० वा सामना होता.

गोल मिलितोचे, चषक कर्णधाराच्या हाती. मग एटोचे काय? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात याचे उत्तर आहे. शरीर एक, अवयव अनेक. आणि जो अवयव डोळ्यांत भरत नाही, त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही. आपली धर्मग्रामे याच नियमाने चालतात. वेदीवर फुले दिसतात. पहाटे उठून ती गोळा करणारी बाई दिसत नाही.

परंतु त्याच २०१० सालच्या मे महिन्यात झानेत्तीच्या वाट्यास एक कडू घोटही आला. युरोपचा विजेता कर्णधार असूनही विश्वचषकासाठी निवडलेल्या आर्जेंटिनाच्या संघात त्याचे नाव नव्हते. प्रशिक्षक होते दिएगो मॅराडोना. २००६ च्या विश्वचषकातही दुसऱ्या प्रशिक्षकांनी त्याला असेच वगळले होते. देशासाठी शंभराहून अधिक सामने खेळलेल्या माणसास हे किती लागले असेल! तरीही त्याने राष्ट्रीय संघाकडे पाठ फिरवली नाही. बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा गेला, आणि २०११ साली देशाकडून खेळला. विश्वचषक त्याच्या हाती कधीच आला नाही. मोठ्या मनाच्या माणसाचीही एखादी इच्छा अपुरी राहते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण प्रार्थना केली की विजय मिळतोच, असा समज काही भाविकांत आहे. समोरच्या संघातील मुलेही प्रार्थना करूनच मैदानात उतरतात, हे आपण विसरतो. प्रार्थनेने गोल होत नाही. पराभव पचवण्याचे आणि विजय न मिरवण्याचे बळ मात्र तिने मिळते.

झानेत्तीची श्रद्धा आम्हांला दोन ठिकाणी विशेष दिसते. २००१ साली, आर्जेंटिना आर्थिक संकटात सापडलेली असताना, त्याने व त्याच्या पत्नीने ब्यूनस आयर्स परिसरातील गरीब मुलांसाठी एक संस्था स्थापन केली. कीर्ती मिळाली तेव्हा त्याला आपल्यासारखीच मुले आठवली. दुसरी गोष्ट १ सप्टेंबर २०१४ ची. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेवरून त्या दिवशी रोमच्या ऑलिंपिक मैदानावर शांततेसाठी एक सामना भरवण्यात आला. त्याच्या आयोजनात झानेत्तीच्या संस्थेचा पुढाकार होता. निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू त्यात एकत्र खेळले. इटलीचे बौद्धधर्मी रोबेर्तो बाज्जो होते, आणि मॅराडोनाही होते. चार वर्षांपूर्वी ज्यांनी वगळले, त्यांच्यासह तो एका मैदानावर उतरला. क्षमेवर आम्ही वेदीवरून पुष्कळ प्रवचने देतो. परंतु अशा एका कृतीची सर त्यांना येत नाही.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. एप्रिल २०१३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्याच्या टाचेची शीर तुटली. आता हा संपला, असे पुष्कळांनी म्हटले. नोव्हेंबर महिन्यात, चाळिशी ओलांडल्यावर, तो पुन्हा मैदानात उतरला, आणि २०१४ साली स्वतःच्या पायांनी चालत खेळातून निवृत्त झाला. क्लबाने त्याचा ४ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला.

आता आईबापांसाठी दोन शब्द. जब्देच्या पत्नीने आपल्या दोन मुलांसाठी प्रभूकडे उजवीडावीकडची आसने मागितली, हे आपण वाचतो. प्रभूने त्या मातेस झिडकारले नाही. मोठे व्हायचे असेल तर सर्वांचे सेवक व्हा, असा मार्ग शिष्यांस दाखवला. तोच मार्ग आपल्या मुलांस दाखवा. मुलगा धावतो, तर त्याला धावू द्या. मात्र तो रविवारच्या मिस्सेस चुकतो काय, हरल्यावर पंचांस शिव्या देतो काय, आपल्याहून कच्च्या सोबत्यास चेंडू देतो काय, याकडे लक्ष ठेवा. निवड न झाल्यास त्याला दोष देऊ नका, आणि निवडणाऱ्यासही देऊ नका. त्याला शेतावर, कामावर सोबत न्या. हाताला काम असले, की मन लवकर सावरते.

आणि मुलांनो, यंदा फेस्ताच्या सामन्यात वाड्यावाड्यांत वैर माजू देऊ नका. एका वेदीवरून एकच प्रभू घेणाऱ्यांनी संध्याकाळी एकमेकांची डोकी फोडावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. मन लावून खेळा, जिंकण्यासाठीच खेळा. आणि शिटी वाजली, की प्रतिपक्षाच्या हाती हात द्या.

आपल्या घराघरांतील मुलामुलींना प्रभू मोठे मन देवो, आणि ते मन लहानांच्या सेवेत रमण्याची कृपाही देवो.