मैत्री टोकियोशी, लोंबकळणे बदलापूरकराच्या नशिबी

२९ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोत भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी सुरक्षा सहकार्याचा नवा जाहीरनामा काढला. सोबत दहा वर्षांत १० लाख कोटी येनच्या खासगी गुंतवणुकीचे लक्ष्यही सांगितले. चीनची धास्ती दोघांनाही आहे, म्हणून ही जवळीक. तिला आमचा विरोध नाही. (या मैत्रीत बुद्धाचे नाव आवर्जून घेतले जाते, त्याचा समाचार पुन्हा केव्हातरी.)

आमचा प्रश्न मैत्रीच्या पैशाचा आहे. २०१५ साली मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा खर्च १ लाख ८ हजार कोटी धरला गेला. त्यात सुमारे ८८ हजार कोटी जपानचे कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षे हप्ता नाही. २०१७ च्या पायाभरणीत पंतप्रधानांनी हा पैसा जवळपास फुकटच असल्याचे सांगितले. फुकट कसला? कर्ज येनमध्ये आहे. येनपुढे रुपया घसरला की मुद्दल फुगणार, आणि ते फेडणार आज बदलापूरच्या फलाटावर आईच्या कडेवर असलेले पोर!

त्या आईला मात्र लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कल्याणपुढे दोनच रुळांवरून लोकल, मेल आणि मालगाड्या धावतात. जागा मिळावी म्हणून अंबरनाथची माणसे आधी उलटी बदलापूरला जातात. उल्हासनगरच्या विठ्ठलवाडीला गाडी येते ती खच्चून भरलेली. घरकामाला जाणाऱ्या बाया, सफाई कामगार, कंत्राटी पोरे, बहुतेक आपलीच. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका १४ किलोमीटरची, खर्च सुमारे १,५१० कोटी, म्हणजे त्या जपानी कर्जाच्या दोन टक्केही नाही. मंजुरी २०१९ ची. २०२५ संपले तरी ती पूर्ण झाली नव्हती.

पालघरच्या आदिवासी ग्रामसभांनी तर बुलेट ट्रेनविरोधात ठराव केले होते. पेसा कायदा त्यांच्यासाठीच आहे ना?

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना परराष्ट्र धोरणाचा हिशेब रुपयांत मांडला होता: ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर! परराष्ट्र धोरण गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचते, हे तेव्हाच्या दिल्लीला पटले नाही.

जपानी कर्जातून अटल सेतू झाला, मुंबईची भुयारी मेट्रो झाली. म्हणजे पैसा कुठे वळवायचा हे ठरवता येते. आमची मागणी साधी आहे. पुढचा कर्ज करार सहीपूर्वी मराठीत विधिमंडळापुढे ठेवा आणि त्यात कल्याण-कर्जत मार्गासाठी किती, तो आकडा दाखवा. आमच्या आमदार-खासदारांनी हे विचारले नाही, तर सभेत आम्ही विचारू.