जुनं क्रेडिट कार्ड बंद करताय? आधी सिबिल स्कोअरचं हे गणित पाहा

वार्षिक शुल्काचा मेसेज आला की अनेकांच्या मनात एकच येतं: वापरत नाही, तर बंदच करून टाकू. विचार चुकीचा नाही. पण येत्या काही महिन्यांत गृहकर्जासाठी अर्ज करणार असाल, तर जरा थांबा.

समजा, तुमच्याकडे दोन कार्डं आहेत. एकाची मर्यादा 1 लाख, दुसऱ्याची 50 हजार. महिन्याचा खर्च 40 हजार, म्हणजे एकूण मर्यादेच्या सुमारे 27 टक्के. आता 1 लाखाचं कार्ड बंद केलंत. खर्च तेवढाच, पण वापर थेट 80 टक्के! एक रुपयाही जास्त खर्च केलेला नाही, बिलंही वेळेवर भरलीत; तरी रिपोर्टमध्ये तुम्ही उधारीवर घर चालवणारे दिसता. हा वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा, असं साधारणपणे सांगितलं जातं.

याची किंमत किती? अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर पाहून ठरवतात. 50 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जावर व्याज 8.50 ऐवजी 8.75 टक्के लागलं, तर हप्ता दरमहा सुमारे 800 रुपयांनी वाढतो. त्यापुढे कार्डाचं वार्षिक शुल्क किरकोळ वाटेल.

जुनं कार्ड गेलं की इतिहासही पुसला जातो, ही भीती मात्र जरा फुगवलेली आहे. बंद खात्याची नोंद लगेच गायब होत नाही.

नवीन कार्डाचं काय?

प्रत्येक अर्जासोबत बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. मॉलमधल्या स्टॉलवर बॅगेच्या मोहात भरलेला फॉर्मही यात आला. थोड्या दिवसांत चार-पाच अर्ज केले, तर पैशांची निकड असल्याचा अर्थ निघतो. स्वतःचा स्कोअर तपासल्याने तो कमी होत नाही. चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

बंद करायचंच असेल तर?

शुल्क जास्त आणि उपयोग शून्य असेल, तर जरूर करा. फक्त कर्ज मंजूर होऊन रक्कम हाती आल्यावर. थकबाकी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड ठेवायचं असेल, तर अधूनमधून मोबाइल रिचार्ज तरी त्यावर करा. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून स्वतःच बंद करू शकते.

थकबाकी असेल आणि 'थोडी रक्कम भरा, खातं बंद करू' असा फोन आला, तर सावध राहा. अशा तडजोडीनंतर रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज देताना बँका नेमका तोच पाहतात. कार्ड बंद झाल्यावर महिनाभराने रिपोर्ट काढून हा एक शब्द तपासा.