गृहविचार : काळे केस पिंगट करण्याविषयीं

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यामुळें या महिन्याचा विषय आम्हांस आयताच मिळाला. आमची धाकटी नात नगरच्या कॉलेजांत जाते. एके रविवारीं दुपारीं न्हाणीघराचें दार दोन तास बंद राहिलें. आंतून उग्र वास येऊं लागला. पुढें दार उघडलें तेव्हां मुलीच्या कमरेपर्यंत आलेल्या काळ्याभोर केसांचा खालचा अर्धा भाग दसऱ्याच्या झेंडूच्या रंगाचा झालेला होता, आणि कपाळावर जेथें लेप ओघळला होता तेथें लाल चट्टा उठला होता.

घरांतील सर्व मंडळींनीं आमच्याकडे पाहिलें. एकत्र कुटुंबांत कोणाच्या हातून कांहीं घडलें कीं वडील मनुष्यानें रागें भरावें, अशी सर्वांची अपेक्षा असते. आमच्या कुटुंबानें तर स्पष्टच बजाविलें, "आज तुम्ही बोलला नाहीत, तर उद्यां बोलायला जागा राहणार नाहीं." आम्हीं रागें भरण्यासाठीं तोंड उघडलेंहि, परंतु तेवढ्यांत आम्हांस आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. ती कां झाली हें शेवटीं सांगूं. तूर्त एवढेंच कीं, आम्ही रागावलों नाहीं. मुलीस जवळ बसवून विचारलें, "बाळ, हें औषध काय करतें आणि तें किती वेळ ठेवायचें, हें तुला ठाऊक होतें का?"

ती म्हणाली, "वेळ डबीवर लिहिली होती, आजोबा. पण रंग पुरेसा उतरेना, म्हणून मी तसेंच ठेवलें."

तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, प्रथम हा विषय आपणच समजून घ्यावा. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि जन्म गेला संस्कृत शिकविण्यांत. म्हणून आमचे एक जुने सहकारी, जे रसायनशास्त्र शिकवीत असत, त्यांच्याकडे दोन संध्याकाळ जाऊन बसलों. तेथें जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

आरंभीं एक शंका दूर करूं. पिंगट केसांचा तिटकारा आपल्याकडे नवा नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत वधू कशी नसावी हें सांगतांना 'कपिला' हा शब्द आला आहे, आणि कुल्लूकभट्टानें त्याचा अर्थ पिंगट केसांची असाच केला आहे. उलटपक्षीं, ऋषींच्या पिंगल जटांचें वर्णन करतांना आमचे कवि थकत नाहींत. म्हणजे एकाच रंगास ऋषीच्या मस्तकावर तेज म्हणावयाचें आणि मुलीच्या मस्तकावर दोष! हा न्याय आम्हांस वर्गांत शिकवितांना कधींच पटवून देतां आला नाहीं.

आतां मुख्य विषय. केसाच्या बाहेरच्या अंगास माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. त्यांच्या आंत केसाचा गाभा असतो आणि गाभ्यांत रंगाचे कण असतात. हे रंग दोन जातींचे : एक काळा-तपकिरी, त्यास युमेलॅनिन म्हणतात, दुसरा तांबूस-पिवळा, तो फिओमेलॅनिन. रंग उतरविण्याचें मुख्य द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. थेनार नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तें १८१८ सालीं प्रथम तयार केलें, आणि १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्यानें केस फिके करून दाखविण्यांत आले. अमोनियासारख्या क्षारानें पापुद्रे फुगून उघडतात, पेरॉक्साइड आंत शिरतें आणि त्यांतील प्राणवायु रंगाच्या कणांचा नाश करतो.

परंतु काळा रंग एकदम पांढरा होत नाहीं. तो आधीं तांबूस-तपकिरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटीं फिकट पिवळा. आपल्या काळ्या केसांना ही सर्व वाट चालावी लागते. म्हणून पहिल्या बैठकींत झेंडूचा रंग दिसणें हें नैसर्गिकच आहे. आमच्या नातीनें येथेंच चूक केली. अर्ध्या वाटेचा रंग पाहून ती घाबरली आणि एकाच दिवसांत मुक्कामास पोंचण्यासाठीं लेप तसाच ठेवून बसली. पेरॉक्साइड केवळ रंग खाऊन थांबत नाहीं. केस ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचा बनलेला आहे, त्यांतील गंधकाचे बंधहि तें तोडीत जातें. केसाचें बळ त्या बंधांवर आहे. ते तुटले कीं ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि वाळल्यावर तुटतो.

औषधाच्या जोराचें माप 'व्हॉल्यूम' या शब्दानें सांगतात. २० व्हॉल्यूम म्हणजे एक माप द्रवांतून वीस मापें प्राणवायु निघतो. त्यांत पेरॉक्साइड शेंकडा ६ असतें. ३० मध्यें शेंकडा ९ आणि ४० मध्यें शेंकडा १२. घरीं २० च्या वर जाऊं नये. मोठा आंकडा घेतल्यानें वेळ वाचतो खरा, पण केस आणि कातडी दोन्ही जातात.

ज्यांस हें करावयाचेंच आहे, त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. कोपराच्या आंतल्या बाजूस तयार लेपाचा ठिपका डबीवर सांगितल्याप्रमाणें लावून धुवावा आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ उठल्यास विचार सोडून द्यावा. मग मानेजवळची एक बारीक बट घेऊन तिच्यावर प्रयोग करावा व किती मिनिटांत कोणता रंग येतो हें लिहून ठेवावें. आदल्या दिवशीं डोकें धुऊं नये; अंगचें तेल कातडीचें रक्षण करतें. लेप कांचेच्या, चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत कालवावा. आमच्या घरांतील पितळी वाट्या व तांब्याचीं भांडीं येथें सर्वथा वर्ज्य, कारण धातूच्या संगतीनें पेरॉक्साइड भडकतें. हातमोजे घालावे, खिडकी उघडी ठेवावी. रंग उतरविण्याच्या पुडींत बहुधा परसल्फेट नांवाचे क्षार असतात व त्यांची धूळ श्वासांत गेल्यानें दमा उठतो. म्हणून ज्यांच्या घरीं दम्याचें मनुष्य आहे त्यांनीं विशेष जपावें. मस्तकाच्या उष्णतेनें मुळांजवळचा रंग लवकर उतरतो, यास्तव लेप मुळांपासून बोटभर दूर लावावा. कातडीस लागूं देऊं नये हेंच उत्तम. भुंवया व पापण्या यांस तर स्पर्शहि नको. उरलेला लेप झांकणाच्या बाटलींत भरून ठेवूं नये. आंत वायु सांचून बाटली फुटते.

आणखी एक महत्त्वाची सूचना. ज्या केसांस पूर्वीं बाजारांतील 'काळी मेंदी' किंवा धातूचे क्षार असलेला कलप लाविला असेल, त्यांवर हें औषध घालूं नये. कांहीं कलपांतील धातूशीं पेरॉक्साइडचा संयोग होऊन केस तापतात, आणि हातांत तुटून येतात.

ठरलेली वेळ झाली कीं, रंग मनासारखा असो वा नसो, कोमट पाण्यानें लेप धुऊन टाकावा. दुसरी बैठक कित्येक आठवड्यांनीं. कमरेपर्यंतच्या केसांस एकसारखा फिका रंग हवा असेल, तर तें काम घरचें नव्हे. अनुभवी कारागिराकडेच जावें.

पुढील निगा हा याहून मोठा विषय आहे, कारण ती रोजची आहे. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीच्या केसाचें टोंक पांच वर्षांचें जुनें असतें! बाहेर आलेला केस निर्जीव आहे. जखम भरून येते तसा तो भरून येत नाहीं. जो केस बिघडला तो कापला जाईपर्यंत सांभाळावयाचा, एवढेंच आपल्या हातीं आहे.

येथें आमच्या आजीच्या तेलाच्या वाटीस विज्ञानानेंहि मान दिला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनींतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनीं २००३ सालीं खनिज तेल, सूर्यफुलाचें तेल व खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुतांना केसांतील प्रथिन जें वाहून जातें, तें कमी करण्याचा गुण तिहींपैकीं खोबरेल तेलांतच दिसून आला, आणि तो बिघडलेल्या केसांवरहि दिसला. खोबरेलांतील लॉरिक आम्लाचा रेणु लहान व सरळ असल्यामुळें तो केसाच्या गाभ्यांत शिरतो; बाकीचीं तेलें बाहेरच राहतात. म्हणून न्हाण्यापूर्वीं कांहीं तास, किंवा आदल्या रात्रीं, तेल लावून ठेवावें.

भिंगारास आमच्या परसांतील विहिरीचें पाणी जड. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणास फेस येत नाहीं. रंग उतरविलेला केस सच्छिद्र असल्यानें असल्या पाण्यांतील क्षार धरून ठेवितो व राठ होतो. शेवटचे दोन तांबे तरी गाळणयंत्रांतील गोड्या पाण्याचे घ्यावे. तांब्याच्या बंबांतील पाणी टाळावें. तांब्याचा अंश केसांत राहिला, तर पुढील खेपेस औषध अधिक नाश करतें. शिकेकाईची भरड पूड चोळूं नये. लावणें असल्यास काढा गाळून लावावा. ओले केस विंचरूं नयेत. रुंद दात्यांच्या फणीनें टोंकांकडून वर यावें. तापलेल्या इस्त्रीचा मोह टाळावा, आणि उन्हांत डोकें झांकावें.

आतां आत्याबाईंविषयीं. त्या आमच्या वडिलांच्या आत्या. पंधराव्या वर्षीं विधवा झाल्या, आणि त्यांचें वपन झालें. आम्ही सात-आठ वर्षांचे असतांना त्या साठीच्या पुढें गेल्या होत्या. पण दर महिन्यास न्हावी परसदारीं येई, आणि पाट मांडून तांब्या भरून ठेवण्याचें काम आमच्याकडे असे. मुंबईच्या नाभिकांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें हें काम न करण्याचा निश्चय केला तो १८९० सालीं. आमच्या घरच्या पाटापर्यंत तो निश्चय पोंचला नाहीं. आत्याबाई पाटावर बसत, कांहीं बोलत नसत. एकदांच, आमच्या बहिणीची वेणी घालतांना त्या हळूच म्हणाल्या, "मला कोणीं विचारलें नव्हतें."

त्या दिवशीं रागें भरण्यास उघडलेलें आमचें तोंड या एका वाक्यानें मिटलें. आमच्या घरांत मुलीच्या मस्तकाविषयींचा निर्णय वडीलधाऱ्यांनीं एकदां घेऊन पाहिला आहे. नातीनें निदान स्वतःच्या केसांची चूक स्वतः केली. अशा वेळीं वडीलधाऱ्यांचें कर्तव्य एवढेंच कीं, ठाऊक असेल तें सांगावें, ठाऊक नसेल तें विचारून यावें, आणि पुढचें तिच्यावर सोपवावें.

कपाळावरचा चट्टा डॉक्टरांच्या मलमानें आठ दिवसांत गेला. चार बोटें केस कापावे लागले. उरलेले नारिंगीच आहेत, आणि नातीनें ते तसेच वाढूं द्यावयाचें ठरविलें आहे. आमच्या कुटुंबाचा राग अद्याप गेलेला नाहीं. परंतु दर शनिवारीं रात्रीं खोबरेलाची वाटी कोमट करून नातीस हांक मारण्याचें काम तें दुसऱ्या कोणास करूं देत नाहीं.